याद्या झाल्या, लग्न नाही

देवास, सोम. ११ फेब्रु. २००८
पाध्ये सरांच्या टायपिंग क्लासात नोकरीचा सहावा दिवस. एका जागी इतका टिकलो! सहा कॉम्प्युटर, सगळ्यांवर मीच घातलेलं लिनक्स. फक्त हिंदी टाइप केलं की मात्रा भलतीकडे पळतात. नव्या व्हर्जनमध्ये दुरुस्त केलंय म्हणे. 'अपडेट' मारलं. भराभर ओळी पळाल्या, शेवटी 'डन'. सरांना सांगून टाकलं, झालं!

बुध. १३
कुठलं काय. आज तीनदा अपडेट. 'कि'ची वेलांटी अजून शेजाऱ्याच्या डोक्यावर. एक मुलगी म्हणाली, "भिया, ये कौनसी भाषा है?" क्लास खिदळला. सर नाही हसले. "गिरीश, सोमवारी टेस्ट आहे. तोवर नीट नाही झालं तर विंडोज परत, आणि तुम्ही मोकळे."
तुम्ही म्हणाले. एरवी मी 'गिऱ्या' असतो.

धार, शनि. १६
मामेबहीण सुमीच्या याद्या. घाटाबिल्लोदला कचोरी खायला उतरलो, बस गेली. पोचलो तर दोन्हीकडचे लिहून उठतायत. शालू, भांडी, कोणी काय आणायचं. म्हटलं, "चला, झालं लग्न!"
मामी : "नुसत्या याद्या झाल्या रे. कागदावर शालू आला म्हणून सुमी नेसून बसली का?"
हातातला लाडू हातातच. अपडेट म्हणजे याद्या! नवीन काय आलंय त्याचा नुसता कागद. सामान घरात आणायची कमांड वेगळी, अपग्रेड. आणि मी दोन्ही एकच समजत होतो, येडा!
मामीच्या पाया पडलो. तिला वाटलं निघालो.
निघालोच.

देवास, रवि. १७
आधी अपडेट, मग अपग्रेड. उलट केलं तर जुन्या यादीवर बाजार. मशीनने विचारलं, एवढं सगळं उतरवू का? म्हटलं, हो. पहिल्या मशीनला अडीच तास. सर तोच पेपर पुन्हा पुन्हा चाळत.
'किल्ली' टाइप केलं. वेलांटी जागेवर! 'विद्यार्थिनी'. जागेवर!! सरांनी स्वतः बसून पाध्येकाकूंचं नाव टाइप केलं. "झकास, गिऱ्या!"
गिऱ्या!! उतरलेल्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन बाकीच्या पाचांना दिल्या, फटाफट.

सोम. १८
टेस्ट पार. एकाचीही मात्रा हलली नाही. ती मुलगी म्हणे, "मान गए भिया."
सर : "हे पोरांना शिकव. रोज एक तास. राहतोस ना?"
रोज? धरमपुरीचा एक नाववाला कामाला बोलावतोय, नर्मदेवर...
पण स्क्रीनवर एक ओळ दिसली. यादीतली चार पॅकेजं मागे ठेवलीत म्हणे. अपग्रेड करूनसुद्धा? का?
सरांना म्हटलं, या चारांचं कळेपर्यंत तरी राहतो.