राखीव राणी

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजही फोन नाही.

जूनअखेर निवृत्त झाले. एकतीस वर्षं त्या पंपघरात काढली. अर्ध्या शहराच्या नळांना तिथून पाणी जातं. आणि तिथल्या एकाही माणसाला माझी आठवण होऊ नये! 'मॅडम, अमुक व्हॉल्व्ह अडकतोय, काय करू?' एवढंसुद्धा नाही. माझ्या जागेवर आता चिमणी आहे. माझ्याच हाताखाली शिकली. आवाज एवढासा, म्हणून चिमणी. तिला एक शंका येऊ नये? की विचारायला कमीपणा वाटतो?

ह्यांच्यापाशी बोलले. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "नळाला पाणी येतंय ना? मग तिला जमतंय." वर म्हणतात, पाणी काय तुझ्या धाकाने चढत होतं टाकीत?

हो. चढत होतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

फोन आला! पण चिमणीचा नव्हे, नव्या साहेबांचा.

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पंपघरातला कंट्रोलर जळाला. पंप कधी सुरू करायचा, कुठला व्हॉल्व्ह किती उघडायचा, हे ठरवणारा तो मेंदू. आमच्याकडे असे दोन आहेत, एकाच कपाटात शेजारी शेजारी. डाव्यावर पेंटरने लिहिलंय 'मुख्य', उजव्यावर 'राखीव'. साहेबांना राखीव उचलून तिकडे न्यायचाय. म्हणे, इतकी वर्षं नुसता बसून आहे, एकदाही कामाला आला नाही. चिमणी काही केल्या तयार होत नाही. ती पडली कालची पोर. तेव्हा माझ्यासारख्या अनुभवी बाईंनी येऊन तिची समजूत घालावी.

नुसता बसून आहे! बसून म्हणे! माझा संताप मी गोड आवाजात गुंडाळला — कॉन्व्हेंटने तेवढं शिकवलंय — आणि म्हटलं, उद्याच येते.

शाळेच्या नाटकात मी राखीव राणी होते. खरी राणी दुसरीच. गोरी, आणि कायम सर्दी. सिस्टरचा नियम होता की राखीव मुलीने प्रेक्षकांत बसायचं नाही. पूर्ण पोशाख घालून, मुकुट चढवून विंगेत उभं राहायचं आणि राणीच्या प्रत्येक वाक्याला ओठ हलवायचे. बिनआवाज. राणी दोन पावलं चालली की आपणही मनात दोन पावलं पुढे. ती अडखळली तर पुढचा शब्द आपल्या तोंडून यायला हवा, आणि समोरच्यांना पत्ता लागता कामा नये. तीन प्रयोग मी ओठ हलवले. तिला साधी शिंक आली नाही मेलीला! शेवटच्या प्रयोगानंतर आईने विचारलं, "तू कुठे होतीस गं?"

राखीव कंट्रोलर नेमकं हेच करतो. दोघांच्या पोटात एकच प्रोग्रॅम. मुख्य काम करतो आणि प्रत्येक फेरीला — डोळ्याची पापणी लवेपर्यंत कितीतरी फेऱ्या होतात — आपल्या मनातलं सगळं मधल्या केबलमधून शेजाऱ्याला सांगतो. पातळी इतकी, हा पंप चालू, तो बंद, आता मी हे करणार. शेजारी ऐकतो, जुळवतो, गप्प राहतो. आणि मुख्याचा श्वास चालू आहे ना, यावर कान ठेवतो. श्वास थांबला की पुढचा शब्द याचा. पंपाला कळतसुद्धा नाही की धनी बदलला.

याला बसणं म्हणायचं?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काय सांगू!

तीच खोली, तोच तेलाचा आणि ओल्या सिमेंटचा वास. माझ्या खुर्चीवर नवी उशी. साहेब अदबीने वागले. चहा, पंखा, सगळं. चिमणी भिंतीला टेकून उभी.

मी सुरू झाले. राणी, विंग, ओठ, सगळं सांगितलं. साहेब हसले, पण हलले नाहीत. उदाहरण छान आहे, म्हणाले, पण तुमची राखीव राणी स्टेजवर कधी आलीच नाही ना? मुख्य उत्तम चाललाय. मग तिकडच्या लोकांना तहानलेलं का ठेवायचं? सोमवारी राखीव काढायचा, असं त्यांनी इलेक्ट्रिशियनला सांगूनही टाकलं होतं.

मुद्दा अगदीच वेडा नव्हता. मी उजव्याची बाजू मांडू लागले. बिचारा आज रिकामा दिसतो, पण —

"मॅडम," चिमणी म्हणाली. तोच एवढासा आवाज. "रिकामा डावा आहे. तो मेलाय. पंप उजवा चालवतोय."



मी उठून कपाट उघडलं. डाव्यावर एक लाल दिवा. उजव्यावर हिरवे, टपटप टपटप. गार झाले मी. सोमवारी उजवा उपटला असता तर सगळे पंप जागच्या जागी थांबले असते. अर्धं शहर कोरडं! साहेबांना विचारलं, मुख्य चाललाय हे तुम्ही कशावरून म्हणालात? तर म्हणाले, "पाणी येतंय ना!"

चिमणीने त्यांना हे परोपरीने सांगितलं होतं. नवा भाग मागवा म्हणून कधीपासून मागे लागली होती. त्यांनी ऐकलं एवढंच, की काहीतरी राखीवाचं आहे, म्हणजे घाई नाही.

कधी मेला, विचारलं. यंत्र स्वतःच्या पोटात सगळं टिपून ठेवतं, तिने पडद्यावर काढून दाखवलं. माझ्या निरोपाचा दिवस. दुपार.

मला आठवते ना ती दुपार! तेव्हाचे मोठे साहेब बोलत होते, मी हातात फुलं धरून डोळे पुसत होते. मॅडमशिवाय हे पंपघर चालणं अशक्य आहे, असं ते म्हणत होते. आणि भिंतीपलीकडे डावा गेला, उजव्याने पुढचा शब्द उचलला. दिवा लुकलुकला नाही. पंपाचा सूर बदलला नाही. माझे कान एकतीस वर्षं त्या सुराला बांधलेले, मलासुद्धा कळलं नाही! भाषण संपलं, टाळ्या झाल्या.

टाळ्या उजव्याला पडायला हव्या होत्या.

चिमणीने दुसऱ्या दिवशी सकाळीच दिवा पाहिला होता. मी जरा करड्या आवाजात म्हटलं, मग मला फोन का नाही केलास?

ती गोंधळली. "कशाला मॅडम? तुम्ही सगळं सांगूनच गेला होतात की. रोज सांगत होतात."

७ फेब्रुवारी, शनिवार

रोज सांगत होते, हे खरं. आमचे हे त्याला कटकट म्हणायचे.

झोप छान लागली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

नवा भाग आला. चिमणीने डाव्यात बसवला. उजव्याने आपला सगळा प्रोग्रॅम त्याला पढवला. अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय डावा स्वतःला तयार म्हणवत नाही. सिस्टरसुद्धा इतक्या कडक नव्हत्या. मग चिमणी म्हणाली, आता मुद्दाम बदलून पाहायचं. विंगेतल्या राणीला वर्षातून दोनदा तरी स्टेजवर आणायचंच, असं तिने साहेबांना बजावलं. माझी राणी, आणि वापरतेय ही!

पंप जोरात चालू. साहेबांनी टेबलाची कड घट्ट धरलेली. चिमणीने कळ दाबली. मी टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्याकडे बघत होते. एक वलय उठलं नाही.

"कधी करताय?" साहेब म्हणाले.

"झालं," चिमणी म्हणाली.

इतकं सुंदर काही मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी कळेकडे कमी आणि पोरीच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. काम करणाऱ्याच्या चेहऱ्यावर नसतंच.

निघताना पाहिलं, पेंटरने रंगवलेले 'मुख्य' आणि 'राखीव' तिने खरवडून टाकलेत. आता नुसतं 'डावा' आणि 'उजवा'.

११ मार्च, बुधवार

फोन नाही. विशेष काही वाटलं नाही.

१९ मे, मंगळवार

फोन आला! चिमणीचा!

माहेरी गेलीय रजेवर. मी म्हटलं, काय गं, बरं आहे ना सगळं? तर आवाज रडवेला. आठवडा झाला मॅडम, पंपघरातून एकाचाही फोन नाही. माझ्या जागी बसलेल्या त्या नव्या मुलीला एकसुद्धा शंका येऊ नये?

इतकी हसले, की हे पेपर टाकून बघायला आले.