पहिली फ्रेम सोडून

३ फेब्रुवारी
झालं! जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स बसलं. आता त्यावर संग्रह सांभाळायचं सॉफ्टवेअर टाकायचं आणि बाबांच्या स्टुडिओतल्या सगळ्या निगेटिव्ह त्यात भरायच्या. दादाला सांगितलंय — बाबांची नजर पुरती जायच्या आत फोटोंत कोण कोण ते विचारून घेते.

खरं कारण वेगळंच. एवढ्या रोलांत कुठेतरी आई असेलच ना! मी बोलायला लागायच्या आधीच ती गेली. घरात तिचा एकच फोटो, तोही घोळक्यातला, आणि त्यात नेमकी तीच हललीये. बाबांना विचारलं की ठरलेलं उत्तर — "तुझी आई फोटोला बसायचीच नाही."

४ फेब्रुवारी
पासवर्ड टाइप करतेय, पडद्यावर काही उमटेल तर शपथ! कीबोर्ड बदलून पाहिला. शेवटी दादाला फोन. "अगं बावळट, लिनक्समध्ये तो दिसतच नाही. टाइप कर आणि एंटर दाब."
बाबा खो खो हसले. "डार्करूममध्ये तरी काय दिसायचं?"

५ फेब्रुवारी
आज सॉफ्टवेअर उघडलं, तर नुसतं पांढरं पान. हे ओपन सोर्स, म्हणजे त्याच्या आतलं सगळं लिखाण उघडून बघता येतं. उघडलं. कळलं काहीच नाही, पण बघायला मजा आली. बाबा म्हणाले, "फुकटचं आहे, नखरे सोसावे लागणार."

७ फेब्रुवारी
चाललं!! फोल्डर माझ्या नावावर होतं, सॉफ्टवेअरला त्यात लिहायची परवानगीच नव्हती. एवढंसं कारण!

लगेच स्कॅनिंग. बाबा निगेटिव्हची पट्टी खिडकीशी धरून भिंगातून बघतात — "पोस्टमास्तर... ही त्यांची धाकटी..." — आणि मी भरते. "पहिली फ्रेम सोड गं. ती उजेड जोखायला असते. वाया." सोडली.

१५ फेब्रुवारी
खोकी संपली. बाबांनी एकदाही तिचं नाव घेतलं नाही, तरी शोधाच्या चौकटीत 'आई' टाकलंच. शून्य. खूप रडले.

१६ फेब्रुवारी
हे सॉफ्टवेअर भलतंच काटेकोर. प्रत्येक रोलखाली पहिल्या नंबरची जागा रिकामी ठेवतं. दिवसभर खटकत राहिलं. जेवताना बाबांना विचारलं, "पहिल्या फ्रेममध्ये समोर कोण असायचं हो?"

"कोण असणार? दुकानात आम्ही दोघंच. तिला म्हणायचो, उभी राहा जरा, उजेड बघू दे. ते काय फोटो नव्हेत."

हात न धुताच पट्ट्या काढायला पळाले. काळं तोंड, पांढरे केस — निगेटिव्हमध्ये सगळे सारखेच दिसतात. रोज माझ्याच हातातून जात होती!

१९ फेब्रुवारी
सगळ्या पहिल्या फ्रेम स्कॅन करून भरल्या आणि पुन्हा 'आई' टाकलं. पानंच्या पानं! वैतागलेली, हसणारी, हातात झाडू, तोंडात हेअरपिन. शेवटच्या पानावर तिच्या कडेवर मी.