लहान मापाचं जॅकेट

आश्विन २४

सुनमायाने लहान मापाचं जॅकेट मागितलं! बाई अंगाने माझ्या दीडपट. कपाळाच्या पट्ट्यावर तीस किलोची टोपली तोलते, खांदे बैलाचे — आणि म्हणते, "दीदी, मला लहानच बसतं."

"घालून दाखव."

"आत्ता जेवलेय. वर गेल्यावर बसेल."

बाकीचे सहा हमाल हसले. मी नाही. पंचवीस वर्षं पोखऱ्याच्या या दुकानातून डोंगर चढणाऱ्यांना जॅकेटं आणि बॅगा भाड्याने देते आहे. कोण कुणासाठी मागतंय ते मला मापावरून कळतं. नवं जॅकेट मिळालं की ते अंगात घालायचं नाही. प्लॅस्टिकसकट टोपलीच्या तळाशी ठेवायचं, तिहारच्या सणाला घरी न्यायचं — आणि स्वतः थोरोंगची खिंड स्वेटरवर ओलांडायची. परत आल्यावर म्हणायचं, "दीदी, वाऱ्याने नेलं." वारा दरवर्षी इतकी जॅकेटं नेतो, एव्हाना तो गरम व्हायला हवा होता!

मोठं दिलं. हात वर करायला लावले, वाकायला लावलं. कंबर उघडी पडली नाही. झालं.

आश्विन २५

दिवसभर स्लीपिंग बॅगा. गच्चीवर उलगडल्या, तासभर फुगू दिल्या. ज्या फुगल्या नाहीत त्या बाजूला. आत पिसांच्या गुठळ्या झालेल्या. त्यात झोपलं काय आणि पोत्यात झोपलं काय!

लालबीर मुकादम आपल्या हमालांसाठी नेमक्या जड बॅगा उचलायला लागला. "जड ती गरम, दीदी."

"ओलीही जड असते, लालबीर."

तीस वर्षं डोंगर चढतोय, आणि अक्कल ही. जॅकेटांचंही तेच. हमालांना पिसांची हवी असतात, कारण गोऱ्या पाहुण्यांकडे पिसांची असतात. मी देत नाही. टोपलीखाली पाठ भिजते, पिसं भिजली की चिकटून बसतात. यांना कृत्रिम कापसाचंच बरं — भिजलं तरी थोडी ऊब धरतं. पाहुण्यांची पाठ कोरडी राहते. त्यांचं ओझं यांच्या पाठीवर असतं ना.

मग रंगाचा डबा काढला. सातही जॅकेटांच्या पाठीवर वीतभर पांढरे आकडे. आकडा पडलेलं जॅकेट सणाला कुणी भेट देत नाही, बाजारातही कुणी घेत नाही. अंगात घालण्याशिवाय इलाज उरत नाही.

लालबीर बघत होता. म्हणाला, "आकडा दिसला की लॉजवाले हमाल ओळखतात, शेगडीजवळ बसू देत नाहीत. सरळ गोठ्याकडे बोट दाखवतात. तुम्ही ऊब देता, दीदी, आणि इज्जत काढून घेता."

"मेलेल्याची इज्जत घरी तू पोचवणार का?"

तो बॅगा बांधायला लागला. मी रंगाचा डबा बंद केला.

आश्विन २६

उद्या निघणार. सुनमाया एकटीच आली.

"माझ्या पाठीवर सात नंबर घातलात. आता कानात बिल्लाही टोचा, म्हणजे बकरी हरवायला नको!"

जीभ आहे बाईला. मग खरं बोलली. मुलगी उर्मिला इथेच पोखऱ्यात नर्सिंगला, वसतिगृहात राहते. "मागत नाही हो ती. नुसती सांगते, अमकीने निळं घेतलं, तमकीने लाल."

"तेच मागणं असतं."

"तुम्हाला काय माहीत?"

मी तिला दादाची गोष्ट सांगितली. सगळ्यांना सांगते तीच. जितमानदादा हमाली करायचा. चोविसाव्या वर्षी याच खिंडीत बर्फात सापडला. दुसऱ्या दिवशी खडकाच्या आडोशाला बसलेला मिळाला, हात काखेत. अंगात सुती सदरा आणि स्वेटर. टोपलीत नवंकोरं जॅकेट, घडी न मोडलेलं. बाबांसाठी घेतलं होतं, असं मी सांगते.

सुनमाया बराच वेळ हातातलं जॅकेट चाचपत राहिली. "मग बाबांनी घातलं का ते?"

"नाही."

कार्तिक ५

रेडिओवर बातमी — वर अवेळी बर्फ. आज ते खिंडीत असणार. लालबीरचा फोन लागत नाही.

कार्तिक ६

नाही.

बॅगा उलगडल्या, पुन्हा टांगल्या. कारण नव्हतं. सारखं एकच मनात येतं — रॉकेलने तो रंग निघतो. सुनमाया हुशार आहे. तिला कुणी सांगितलं नसेल ना?

आणि दुसरं — आकड्याच्या लाजेने तिने ते टोपलीत टाकलं असेल, तर? मग मी काय केलं?

कार्तिक ७

खिंडीपलीकडच्या मुक्तिनाथहून लालबीरचा फोन! सगळे खाली उतरले.

"सुनमाया?"

"तीही."

"तिच्या अंगात काय होतं?"

"दीदी, माणूस जिवंत आहे म्हणतोय, तुम्ही कपडे काय विचारता!" मग लाइन तुटली.

कार्तिक ११

सामान परत आलं. सहा जॅकेटं ठीक. सातव्याचं अस्तर धुराने काळंकुट्ट, आणि पाठ मात्र स्वच्छ. आकडा जसाच्या तसा. म्हणजे लॉजमध्ये उलटं घालून शेगडीशी बसली होती! ओरडणार होते. ओरडले नाही. घातलं तर होतं.

सुनमायाच्या नाकाची आणि गालांची सालपटं निघालीत. बोटं शाबूत आहेत — दहाही चाचपून बघितली. चहा दिला, मीठ घालून, तिला लागतो तसा.

"खिंडीखाली सहा तास खडकाला टेकून बसलो. वारा असा, की लालबीरच्या शिव्याही ऐकू येईनात," ती म्हणाली. "लहान असतं तर ते टोपलीत असतं, दीदी. आणि मी तुमच्या गोष्टीत."

मग पेला खाली ठेवला. "एक करा. उर्मिला कधी दुकानात आली तर सांगू नका, की मी लहान मागितलं होतं. पोर आहे. काही वाईट झालं असतं ना, तर जन्मभर टोचलं असतं तिला."

मी म्हटलं, "सांगणार नाही."

कार्तिक १२

ट्रंक उघडली. पस्तीस वर्षांत प्लॅस्टिक पिवळं पडलंय. दादाच्या टोपलीतलं जॅकेट निळं. माप लहान. बाबांचा तर हातसुद्धा त्या बाहीत शिरला नसता.

दादाला जॅकेटचं पत्र मी कॉलेजच्या वसतिगृहातून टाकलं होतं. शेवटची ओळ पाठ आहे — 'दादा, घालून बघू नकोस हं. मळेल.'