गार पाण्याचा पीएच

१ ऑक्टो., खंडेनवमी
लॅबमध्ये यंत्रपूजा. सरांनी ओव्हनला, काट्याला आणि शेवटी पीएच मोजायच्या माझ्या प्रोबच्या टोकालाही हळदीकुंकू लावलं. म्हटलं, सर, तिथं नको, सिरॅमिक आहे, छिद्रं बुजतील. “अगं, देवाचं आहे, काही होत नाही.” पुसायला गेले तर सरांच्या मिसेस आडव्या आल्या. दसऱ्याआधी पूजा मोडायची नाही म्हणे. बरं.

२ ऑक्टो., दसरा, फुलंब्रीला घरी
आई : “ते जमिनीखालचं पाणी आंबट हाय का नाय, कळलं का गं?” म्हटलं, उद्या कळेल. जमिनीखालच्या उकळत्या पाण्यासाठी बोअर घेणाऱ्या कंपनीची माणसं लॅबवर येतायत. सर नमुन्याची बाटली उघडून गार पाण्याचा पीएच मोजतात. सोड्याच्या बाटलीतल्यासारखा वायू उडून जातो, मग आंबटपणा दिसणार कुठून? मी बाटली न उघडता पाणी दाबाच्या भांड्यात घेते, खाली असतं तेवढं तापवते आणि तिथंच मोजते. पीएचडी यावरच उभी.

३ ऑक्टो.
बस रखडली. पोचले तर सरांनी मुहूर्तावर माझं दाबाचं भांडं बंद करून तापवलेलंही. आकडा पाच, नऊ, तीन, कुठंच ठरेना. पाहुणे मोबाईलमध्ये. सर हसून : “पोरगी हुशार आहे, हात बसायचाय अजून.” मग बाटली उघडली, साधा मीटर बुडवला. ७.८, म्हणजे आंबट नाहीच. सगळे खूश.
नंतर भांडं उघडलं. टोकावर काळी खपली. हळदकुंकू जळलेलं! सरांना दाखवलं. “कुणाला सांगू नकोस, हसतील.”
माझ्यावर हसले ते चाललं.

७ ऑक्टो.
टोक घासलं, पुन्हा मोजलं. ५.२. परत ५.२, आंबटच. सर : “पाहुणे गेले आता. ७.८ च्या अहवालावर सही कर. पुढं थिसिसही माझ्याकडेच यायचाय ना?” गोड हसून. ७.८ वर बोअरमध्ये साधा पाईप जाणार, आम्ल तो आतून खाणार. फुटला तर उकळती वाफ तिथल्या माणसांवर. चीड येते नुसती. पुंडलिकनगरला खोलीवर येऊन जेवलेही नाही.

९ ऑक्टो.
बोअरवरच्या शेखभाईंचा फोन. नमुने तेच पाठवतात.
“मॅडम, पाईप आलाय. तुमच्या सहीसाठी काम थांबलंय, माणसं बसून हायत.”
सांगून टाकलं. आकडा चुकीचा आहे, साधा पाईप उतरवू नका.
“सर को मालूम है?”
हो म्हटलं.
त्यांनी फोन ठेवला नाही. मागं पाईप उतरवायचं मशीन चालू झाल्याचा आवाज येत होता.