बकरीच्या पायाशी केलेली सही

अल-खोबर,
४ फेब्रुवारी १९९१

प्रिय रेखा,

तुझं पत्र महिनाभर कुठे कुठे फिरून परवा हातात पडलं. आम्ही धडधाकट आहोत, आणि नाही, मी परत येत नाहीये. युद्ध पेटायच्या आधी, पंधरा जानेवारीच्या आत बायकामुलांना पाठवून द्या, असं कुमारच्या कंपनीने सांगितलं होतं. बरीच बिऱ्हाडं गेलीही. पण कुमारला रास तनुराची रिफायनरी सोडता येत नाही आणि मला मिरजेत बसून रेडिओला कान लावायचा नाही. सासूबाईंनी फोनवर शपथ घातली, तीही मी मानली नाही. एका खोलीच्या खिडक्या टेप लावून बंद केल्या आहेत. सायरन वाजला की विषारी गॅसचे मास्क चढवून तिथे बसायचं. पहिल्या दिवशी मी मास्क उलटा घातला आणि कुमार इतका हसला की त्याचा स्वतःचा घालायचाच राहिला.

त्या खोलीत आमच्यासोबत खालच्या मजल्यावरच्या व्लास्ताबाई असतात. मूळच्या प्रागच्या, साठीच्या पुढच्या. नवरा ऑस्ट्रियन, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात इंजिनिअर. वरच्या रईसाच्या मुली मास्क बघून किंचाळायच्या, तेव्हा बाई स्वतः मास्क घालून जिन्यात बसल्या आणि भिंतीवर कोळशाने मास्क घातलेला हत्ती काढला. घरमालकाने तो पुसायला सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या शेजारी पिल्लू काढलं. आता मुली सायरनची वाट बघतात, म्हणजे बघ.

मी त्यांच्याकडे चित्रकला शिकते, हे तुला आधी लिहिलं नव्हतं. तुला वाटेल, एवढी वर्षं हात चालतोय हिचा, आता काय शिकायचंय. पण मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढण्यात या बाईचं आयुष्य गेलंय. तिशीतच त्यांची सोळा पुस्तकं झाली होती. प्रागमधलं पोरन् पोर त्यांचा साळिंदर ओळखायचं. मग अडुसष्ट साली रशियन रणगाडे आले. ते मित्र म्हणून आले, अशा कागदावर सही करायला सगळ्या चित्रकारांना बोलावलं, आणि बाईंनी सही केली नाही. दोन वर्षांत त्यांची पुस्तकं वाचनालयांतून उचलली गेली आणि त्यांचं नाव छापायला बंदी आली. तेव्हा हाना नावाची त्यांची कॉलेजपासूनची मैत्रीण पुढे आली. म्हणाली, चित्रं तू काढ, नाव माझं लावू, म्हणजे तुझा हात तरी चालू राहील. ते तिने मायेनेच केलं होतं, असं बाई आजही म्हणतात. अशी अकरा पुस्तकं झाली. एकाला मोठं बक्षीस मिळालं आणि हाना ते घ्यायला स्टेजवर गेली. बाई प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होत्या. त्यावर दोघी एकमेकींशी कधीच बोलल्या नाहीत.

पण बाई वस्ताद. प्रत्येक चित्रात त्यांनी आपलं नाव लपवलं होतं. झाडाच्या सालीत, साळिंदराच्या काट्यांत, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांत. गेल्या वर्षी, तिथलं राज्य पालटल्यावर, एका प्रकाशकाला ती पुस्तकं पुन्हा काढायची होती, हानाच्या नावाने. बाईंनी त्याला उत्तरात फक्त पानांचे आकडे लिहिले आणि सोबत एक भिंग पाठवलं. आता पुस्तकं त्यांच्या नावाने निघताहेत. मुखपृष्ठाचा नमुना आला तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना कॉफी पाजली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. हाना शहाऐंशी सालीच वारली.

रेखा, तू छापलेलं आपलं पुस्तक मी मोठ्या कौतुकाने त्यांना दाखवलं होतं. बाजाराला निघालेली बकरी त्यांना फार आवडली. माझी सही कुठे, म्हणून त्यांनी विचारलं. तू कळवलं होतंस तेच मी सांगितलं, की पानं कापताना सही कातरीत गेली आणि 'चित्रे : राजाभाऊ' असं तुझ्या नवऱ्याचं नाव पडलं ती छापखान्यातल्या जुळाऱ्याची चूक. सही केली कुठे होतीस, त्यांनी विचारलं. मी बकरीच्या पायाशी बोट ठेवलं. बाईंनी पट्टी आणली नाही की काही नाही, नुसती स्वतःची चार बोटं कागदाच्या कडेपासून आडवी ठेवली. कडेपासून चार बोटं आत कातर येत नाही. मग त्यांनी भिंग दिलं. बकरीच्या पायाशी गवताची पाती आहेत, सरळ, एकसारखी, तुझ्या राजाभाऊंच्या हातची. मी गवत कधी तसं काढत नाही. मला हे दोन वर्षं दिसलं नाही, कारण तू सांगितलंस ते मी तपासून बघायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या चित्रांना मिळालेल्या पुरस्काराचं कात्रण माझ्या भावाने पाठवलं. शाल पांघरलेले राजाभाऊ, शेजारी तू. तुझ्या तीन पत्रांत त्याचा उल्लेख नाही. दुसऱ्या पुस्तकाची चित्रं लवकर पाठव, हे मात्र तिन्हींत आहे.

तर चित्रं तयार आहेत, बाराच्या बारा. टेप लावलेल्या खोलीत बसून काढली. आकाशात काय फुटत होतं ते माहीत नाही, पण माझी रेघ हलली नाही. उद्या सकाळी रईसा आणि तिचा नवरा हुसेनमियाँ मुलींना घेऊन मोटारीने जेद्दाला निघताहेत, तिथे अल अझीझिया भागात तिच्या बहिणीकडे थांबून मुंबईचं विमान धरतील. चित्रं तिच्यासोबत देते आहे. व्लास्ताबाईंनी नाव लपवलं, मी लपवलेलं नाही. एसटीच्या पाटीवर, बांगडीवाल्याच्या दुकानावर, अंगणातल्या रांगोळीत, प्रत्येक चित्राच्या मधोमध ठसठशीत 'सरोज' आहे. त्यावर गवत उगवायचं तर अख्खं चित्र झाकावं लागेल. पुस्तकावर माझं नाव छापणार असशील तर चित्रं ठेव, आणि पहिल्या पुस्तकाची चूकही पेपरात छापून दुरुस्त कर. नाहीतर रईसा महिनाभर मुंबईत आहे, तिच्याकडे परत दे. मी दुसरा प्रकाशक शोधेन, युद्ध असो नसो.

हे सगळं न लिहिता नुसती चित्रं अडवून ठेवता आली असती. मागच्या आठवड्यात सायरन चालू असताना मी बाईंना विचारलं, सगळ्यात जास्त काय बोचतं? बंदी? बक्षीस? मास्क बाजूला करून त्या म्हणाल्या, "हानाला एक पत्र लिहायचं होतं, भांडणाचं. लिहिलं नाही. आता भांडू कुणाशी?" मी लिहिलं आहे, रेखा. आता तू भांड. उत्तर दे.

अजून तरी तुझीच,
सरोज