सरकलेली तांबी

पोशेरा, ८ जानेवारी २०२४

ती. निशाताईस चंदनाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. घरातला एकच फोन, तो सासूबाईंकडे, आणि स्पीकर लावल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. म्हणून हे रोज जव्हारला जाणाऱ्या जिव्याच्या जीपमधून पाठवते.

धाकटी वर्षा झाल्यावर मोखाड्याच्या बाजाराला जातो असं सांगून तू मला जव्हारला नेलंस आणि तांबी बसवून आणलीस. तिचा दोरा आता हाताला लागत नाही आणि पोटात कळा येतात. त्यात सासूबाई परवा मला भगताकडे घेऊन गेल्या. नातवासाठीच, दुसरं काय! त्याने सुपात तांदूळ टाकले आणि सांगितलं की पोटात काहीतरी परकं फिरतंय. ताई, मला तांबीच आठवली. दोन मुली पुरेत हे मी घरात बोललेच नाही. कळलं तर मला माहेरी पोचवतील.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
चंदना

जव्हार, १० जानेवारी

चि. सौ. चंदनास अनेक आशीर्वाद.

तुमच्या भगताला आमच्या सोनोग्राफीवर नेमायला हवं. कळा मात्र अंगावर काढू नकोस. तांबी क्वचित पिशवीबाहेर पोटात सरकते. दुर्बिणीने काढतात, दोन-तीन टाके पडतात. घरी अपेंडिक्स सांग आणि शुक्रवारी ये. नर्सबाई बहीण असून दारात उभी राहिली नाही तर काय उपयोग? माहेरी पोचवलंच, तर माझं घर आहे. भांडी तू घासायचीस.

मुलींना गोड पापा.
निशाताई

पोशेरा, २९ जानेवारी

ती. निशाताईस शि. सा. न.

टाके सुकले. ऑपरेशन झाल्यावर तू ड्यूटीवर गेलीस आणि खरी मजा तुझी हुकली. डॉक्टरबाईंनी तांबी बाटलीत घालून दाखवायला आणली. माझ्या उशाशी बसलेल्या सासूबाईंनी ती खिडकीशी धरली आणि विचारलं, की अपेंडिक्सला दोरा कधीपासून असतो? मी डोळेच मिटले.

ताई, त्यांना तीन वर्षं माहीत होतं! आपण बाजार म्हणून गेलो तो बाजाराचा वारच नव्हता, वर दोघी रिकाम्या हाताने परत आलो. भगताकडेही त्यांनी मला कळांसाठीच नेलं होतं. त्यांना स्वतःला सात झाली, त्यातली तीन गेली. पुरे का, असं कुणी कधी विचारलं नाही, असं म्हणाल्या. मला रडूच आलं.

मग त्या डॉक्टरबाईंकडे वळल्या आणि म्हणाल्या, जखम भरली की हिला दुसरी बसवा, पण या खेपेला दोरा घट्ट बांधा.

तुझा लोभ तेवढा जागचा हलू देऊ नकोस.
चंदना