नेट कोणाला आणि यादीत कोण

मी, मार्विन जेरोम तुस्कानो, वय वर्षे सव्वीस, मूळ राहणार भुईगाव, तालुका वसई, सध्या राहणार दोहा, इंडस्ट्रियल एरियातला कंपनीचा कॅम्प, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही, दारू घेतलेली नाही आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. दबाव आहे, पण तो दुसऱ्या एका कागदासाठी आहे. त्याचं पुढे येईल.

या वयात मृत्युपत्र कशाला, असं वाचणाऱ्याला वाटेल. कारण बेनेडिक्ट अंकल. वसईतल्याच गास गावचे, क्रेन चालवायचे, माझ्या खालच्या बंकवर झोपायचे. डिसेंबरात एका सकाळी उठलेच नाहीत. घरी न्यायला त्यांनी बॅगभर सामान जमवलं होतं, त्यातलं कोणाला काय ते त्यांनाच ठाऊक. पंधरवड्यात त्यांचे नवे शर्ट कॅम्पात वेगवेगळ्या अंगांवर दिसायला लागले. जिवंतपणी त्यांची रजा तीनदा नाकारली गेली होती. मेल्यावर देशाबाहेर जायचा कागद एका दुपारीत झाला. तेव्हाच ठरवलं, आपलं आपण लिहून ठेवायचं. या कागदाचा नमुना जसिंता आँटीने दिला. ती हॉस्पिटलात नर्स आहे, असले कागद रोज बघते. म्हणाली, एका कलमात एकच विषय धर. ते मला शाळेत निबंधातही जमलं नव्हतं.

कलम १. भुईगावच्या वाडीतला विहिरीकडचा तुकडा आजोबांनी माझ्या नावावर केला, तो माझ्या पश्चात माझी धाकटी बहीण डायना हिला मिळावा. माझा मोठा भाऊ एरिक याने त्यावर हक्क सांगू नये. मी इकडे आल्यावर त्याने मला न विचारता तिथले दोन माड तोडले आणि स्वतःच्या बाईकसाठी पत्र्याची शेड घातली. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर पाणी आणायला जातात. डायनाचं लग्न ईस्टरनंतर, पंधरा एप्रिलला आहे. ती शेड बँडच्या बरोबर वाटेत येते. एरिकने ती त्याआधी पाडावी. ही इच्छा नाही, अट आहे.

कलम २. घरी ओटीखाली उभी असलेली एम-एटी बाबांना. किक दोनदा मारावी, तिसऱ्यांदा मारली तर पेट्रोल वर येतं. याच गाडीवरून मी सतराव्या वर्षी दमणला गेलो. दहावी दोनदा देऊन झाली होती, तिसऱ्यांदा गणिताच्या दिवशी उमराळ्याला व्हॉलीबॉलची फायनल होती, ती आम्ही जिंकलो. पुढे दमणला हॉटेलात, मग सुरतला, मग गोव्यात बोटीच्या किचनमध्ये. मन लागेना की पिशवी उचलायची, एवढंच मला येतं. कुठेच दोन वर्षं पुरी केली नाहीत. दोह्यात चार झाली. हे माझ्या स्वभावामुळे झालेलं नाही.

कलम ३. खात्यात जे काही आहे आणि कंपनी हिशेब करून जे देईल ते आईला. तिने ते एरिकला दाखवू नये.

कलम ४. श्री. सुरेश गायधनी सर, नाशिकचे, आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, यांना माझ्याकडून काहीही नाही. इथे कंपन्या-कंपन्यांची व्हॉलीबॉल स्पर्धा असते. तिच्यासाठी खेळाडू शोधत ते वसईला आले होते. निर्मळच्या मैदानावर माझे स्मॅश बघितले आणि विचारलं, कतारला येतोस का? कागदावर मी स्टोअरकीपर आहे. आठवडाभर नट-बोल्ट मोजतो आणि शुक्रवारी कंपनीसाठी बॉल मारतो. सरांच्या दिवाणखान्यात कान तुटलेला कप आहे तो आमच्या टीमने जिंकलेला. तिथेच राहू द्या.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी लिहितो. इथून बाहेर पडायला पासपोर्ट आणि तिकीट पुरत नाही, एक्झिटचा कागद लागतो. तो कंपनीचा मंदूब काढतो, म्हणजे सरकारी कामं करणारा माणूस. आणि रजेच्या फॉर्मवर सरांची सही बघितल्याशिवाय मंदूब खुर्चीतून उठत नाही. आजोबा गेले तेव्हा सेमीफायनल होती. एरिकच्या लग्नाच्या वेळी ऑडिट होतं. सर ओरडत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. चहा पाजतात आणि म्हणतात, टूर्नामेंट झाली की बघू, इन्शाल्ला. नाशिकचा माणूस इन्शाल्ला म्हणाला की समजावं, फॉर्म खिशात घालायचा.

कलम ५. जुन्या बुटांची पेटी फरीज बिन ओमरान या वस्तीतल्या खतिजा आपांना. दोन वर्षांपूर्वी सरांनी इथल्या मुलामुलींसाठी व्हॉलीबॉल क्लब काढला. सर अध्यक्ष, मी कोच, फुकट. सुरुवातीला फक्त बॉल लागत होता. मग हॉलचं भाडं आलं, किट आलं, गुडघ्याचे पॅड आले, ट्रायलची वेगळी फी आली, आणि आता सोळा वर्षांखालच्या मुलींची टीम बहारिनला जाणार त्याचा खर्च. फी भरली की मुलगी टीममध्ये येणारच असं अर्ध्या पालकांना वाटतं. उरलेले अर्धे आकडा ऐकून मुलीला म्हणतात, तू बुद्धिबळ खेळ. खतिजा आपा मूळच्या दापोलीच्या, तीन मुली, तिघींचे पाय दर सहा महिन्यांनी वाढतात. त्यांनीच हा पेटीचा शोध लावला. लहान झालेला जोड आत ठेवायचा, मोठा उचलायचा. पैसे ठेवून जोड नेऊ नये, जोडच ठेवावा. एका इंजिनिअरने वीस रियाल ठेवून नवेकोरे बूट नेले होते. नाव लिहीत नाही, त्याला कळेल.

कलम ६. माझं नेट आणि ट्रकच्या टायरात सिमेंट ओतून केलेले दोन खांब कु. चैत्राली सुरेश गायधनी हिला. होय, त्यांचीच मुलगी. हे नेट मंगळवारी संध्याकाळी अल गराफात सरांच्या बंगल्यामागच्या रिकाम्या प्लॉटवर लागतं. तिथे हॉलचं भाडं नाही, फी नाही, किट नाही. कोणीही यावं, खेळावं. टायर ढकलायला दोघं लागतात, आणि इतकी वर्षं दुसरी कायम चैत्राली.

आता जसिंता आँटीचा नियम मोडून या कलमात दुसरा विषय घालतो, कारण खरा विषय तोच आहे.

मागच्या मंगळवारी विभावरी मॅडमनी, म्हणजे चैत्रालीच्या आईने, मला चहाला आत बोलावलं. साबुदाण्याची खिचडी केली होती. डायनाच्या लग्नाची चौकशी केली, साडी कुठली घेणार विचारलं, मग म्हणाल्या, "मार्विन, सरांशी रजेचं मी बोलते. ते माझं ऐकतात. तू फक्त आमच्या चैत्रालीचं बघ. बहारिनच्या टीमची यादी लागली की दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन ये." त्यांनी मला काही खोटं करायला सांगितलं नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. बहारिनचं सर्टिफिकेट मिळालं की जूनमध्ये तिला पुण्याला एका स्पोर्ट्स होस्टेलला घालायचं आहे. जागा बघून ठेवलेली आहे.

बाहेर आलो तर चैत्राली टायरावर बसून होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजी.

"कोच, डोन्ट पुट माय नेम. प्लीज."

"का गं बाय?"

"मम्मा विल सेंड मी टू पुणे."

मी म्हटलं, पुणे चांगलं आहे, पाऊस आहे, मिसळ आहे, मला सोडलं तर सगळे तिथे खुशीत असतात. मी पुण्याला कधी गेलेलो नाही. ती हसली नाही.

"बट आय लिव्ह हिअर, कोच."

कॅम्पात आम्ही सगळे म्हणतो, मी इथे आहे. मी इथे राहतो असं कोणी म्हणालेलं चार वर्षांत ऐकलं नव्हतं. मी नेटच्या दोऱ्या सोडत राहिलो.

काल शुक्रवारी ट्रायल झाली. चैत्रालीने एकूण एक सर्व्हिस नेटमध्ये घातली. बॉल हातातून सोडले, धावायला उशीर केला. मॅडम वर गॅलरीत बसल्या होत्या, त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मग एकदा जैतून नावाच्या मुलीने घेतलेला बॉल भलतीकडे उडाला. चैत्राली वळली आणि तिने न बघता, पाठमोरी, तो पार नेटच्या टोकाला सेट करून दिला. बॉल तिथे नुसता थांबून राहिला. मी असतो तर डोळे मिटून मारला असता. दुसरे परीक्षक तेव्हा फोनवर होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढचा साधा बॉल पायावर पाडला.

म्हणजे तिचं नाव लिहिलं तर काहीच खोटं नव्हतं. इथल्या मुलींत तिच्यासारखी सेटर नाही. आणि मी डायनाच्या लग्नाला विहिरीवर उभा असतो. इतकं सोपं खरं माझ्या वाट्याला पूर्वी कधी आलं नव्हतं. काल दोनदा तिचं नाव लिहिलं. दोन्ही वेळा जून महिना डोळ्यांपुढे आला: दुसऱ्याने भरलेली बॅग, दुसऱ्याने काढलेलं तिकीट, आणि तिकडून परत यायचं तर पुन्हा कोणाची तरी परवानगी. ते कसं असतं ते मला कोणी सांगायला नको.

कलम ७. मी नसलो तर वाद होऊ नये म्हणून बहारिनची टीम इथेच लिहून ठेवतो. आबिदा, अमिना, ग्लोरिया, जैतून, मुनीरा, रेवती, सँड्रा, प्रीथा, नेहल आणि अनघा. सेट मुनीरा करेल, तिला घाई करू नये. ट्रायलला जे दिसलं त्यावरून ही यादी केली आहे. चैत्राली गायधनी यादीत नाही. हीच यादी उद्या रविवारी संध्याकाळी बोर्डावर लागेल.

कलम ८. डायनाने लग्न ठरलेल्या दिवशीच करावं, कोणासाठी थांबू नये. विहिरीवर माझ्या जागी एरिक उभा राहिला तरी चालेल. शेड आधी पाडावी.

या आधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. पुढे केलं तर ते भुईगावात बसून करेन.

ठिकाण: दोहा
तारीख: १० फेब्रुवारी २००७, शनिवार

लिहून ठेवणार: मार्विन जेरोम तुस्कानो (सही)

साक्षीदार पहिली: जसिंता पीटर लोपीस, स्टाफ नर्स, फरीज बिन ओमरान (सही)

साक्षीदार दुसरे: सुरेश वामन गायधनी, प्रोजेक्ट मॅनेजर, अल गराफा (सही, कंपनीचा शिक्का)

ता. क. दुसऱ्या सहीबद्दल. जसिंता आँटी म्हणाली होती की साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते, आपल्यासमोर सही झाली एवढंच त्याने बघायचं. म्हणून आज दुपारी दोन कागद घेऊन अल गराफाला गेलो. वर रजेचा फॉर्म, खाली हे. सरांनी फॉर्म बाजूला सारला. म्हणाले, "हे टूर्नामेंटनंतर बघू. आणि हे दुसरं काय?"

"मृत्युपत्र आहे, सर. साक्षीदार हवाय. वाचायला नको, मी सही करतो ती बघा फक्त."

"तुला काय धाड भरलीय? घोड्यासारखा तर आहेस," असं म्हणून ते हसले, माझी सही होईपर्यंत थांबले आणि खाली आपली केली. शिक्का मी मागितला नव्हता, तो त्यांनी सवयीने मारला.

चार वर्षं जिच्यामागे फिरलो ती सही इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिली. एक आडवी रेघ, आणि खाली एक टिंब.